घाटावरची बागली, घाटाखालची बागली

महाराष्ट्रातल्या माणसाला देवास म्हटलं की चामुंडा-तुळजाभवानीची टेकडी आठवते, आणि टेकडीच्या पायथ्याशी १९४८ पासून राहिलेले कुमार गंधर्व आठवतात. इतिहासाची आवड असेल, तर पवारांच्या दोन पात्या आठवतात. एकाच गावात थोरल्या पातीचं राज्य आणि धाकट्या पातीचं राज्य, दोन दरबार, दोन राजवाडे. राजकारणावर नजर असणारा आणखी एक गोष्ट सांगेल. देवास शहराची विधानसभेची जागा थोरल्या पातीच्या घरात आहे. तुकोजीराव पवार १९९० पासून सहा वेळा निवडून आले. २०१५ मध्ये ते गेले, आणि त्यानंतर पोटनिवडणुकीत, मग २०१८ ला आणि २०२३ ला गायत्रीराजे पवार निवडून आल्या.

मला मात्र या जिल्ह्याच्या निवडणुकांची गोष्ट सांगायची झाली, तर शहर सोडून दक्षिणेला जावंसं वाटतं. हाटपिपल्या, चापडा मागे टाकून बागलीला. ना तिथे कारखाने आहेत, ना रेल्वे. तरीही या आडवळणाच्या मतदारसंघाने राज्याला एक मुख्यमंत्री दिला, सलग आठ निवडणुकांत एकच नाव निवडून दिलं, आणि मग एका आदेशासरशी त्या जागेचा स्वभावच बदलला. संस्थांच्या वाटचाली लिहिल्या जातात, त्यात शाळा असतात, ग्रंथालयं असतात, सहकारी बँका असतात. मतदारसंघाची वाटचाल फारशी कुणी लिहीत नाही. पण मतदारसंघही संस्थाच आहे. त्याला स्थापना असते, हद्द असते, सभासद असतात, आणि दर पाच वर्षांनी त्याची सर्वसाधारण सभा भरते.

बागलीची गोष्ट समजायची तर आधी जमीन बघावी लागते. बागली गाव माळव्याच्या पठाराच्या कडेला आहे. उत्तरेला काळी माती, गहू, हरभरा, आणि गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत सगळीकडे पसरलेलं सोयाबीन. दक्षिणेला विंध्याची कड. पुंजापुऱ्याच्या बाजूने घाट उतरायला लागलं की माती बदलते, झाडं बदलतात, घरं बदलतात. साग, मोह, तेंदू. सलग वसलेलं गाव संपतं आणि फळिया सुरू होतात, टेकडीटेकडीवर विखुरलेल्या पाच-दहा घरांच्या वस्त्या. उदयनगर, पिपरी, आणि त्याच्याही खाली नर्मदा. भिलाला, बारेला, कोरकू यांचा हा मुलूख. उदयनगरच्या बाजूला कावडिया पहाड आहे. कुणी रचून ठेवावेत तसे बेसाल्टचे खांबच्या खांब तिथे पडलेले आहेत, आणि त्यांच्यावर दगड मारला की धातूसारखा नाद येतो.

कालीसिंध याच बागलीच्या बाजूला उगम पावते आणि उत्तरेला चंबळेकडे जाते. घाटाखालचे ओढे मात्र नर्मदेला मिळतात. म्हणजे एकाच मतदारसंघात पडलेला पाऊस अर्धा गंगेच्या वाटेने बंगालच्या उपसागरात जातो आणि अर्धा भडोचपाशी अरबी समुद्रात. लोकांचंही तसंच होतं. वरच्यांचा बाजार, सोयरिक, शाळा-कॉलेज हे सगळं देवास आणि इंदूरकडे. खालच्यांची ओढ नर्मदेपलीकडच्या निमाडाकडे. मतदान तेवढं एकत्र.

संस्थानी काळात बागली हे राठोड ठाकुरांचं ठिकाण होतं, शिंद्यांच्या ग्वाल्हेर दरबाराला खंडणी देणारं. २८ मे १९४८ ला मध्य भारत संघ झाला आणि शिंदे, होळकर, धार-देवासचे पवार आणि अशी कित्येक लहानमोठी ठिकाणं त्यात विरघळली. १९५१-५२ ला मध्य भारताच्या ९९ जागांच्या विधानसभेसाठी पहिली निवडणूक झाली. तेव्हा मतपत्रिकेवर शिक्का मारण्याची पद्धत नव्हती. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, पेटीवर त्याचं चिन्ह चिकटवलेलं, आणि कोरी मतपत्रिका आपल्या पसंतीच्या पेटीत टाकायची. ज्याला अक्षर ओळखता येत नाही त्याच्यासाठी बैलजोडी आणि दिवा हीच लिपी होती. १ नोव्हेंबर १९५६ ला मध्य भारत नव्या मध्य प्रदेशात सामील झाला आणि राजधानी भोपाळला गेली. काही मतदारसंघांतून दोन-दोन आमदार निवडण्याची पद्धतही १९६१ च्या कायद्याने बंद झाली. त्यामुळे १९६२ ची निवडणूक ही ‘एक जागा, एक माणूस’ अशी सगळीकडे सारखी झालेली पहिली निवडणूक. बागलीचं खरं चरित्र सुरू होतं ते तिथून.

तो माणूस हाटपिपल्याचा होता. कैलाश जोशी, जन्म १४ जुलै १९२९, सामान्य घरातला. राजवाडा नाही, जहागीर नाही. जनसंघाच्या अगदी सुरुवातीच्या दिवसांपासूनचा कार्यकर्ता. १९५५ ला तो हाटपिपल्याच्या नगरपालिकेचा अध्यक्ष झाला, आणि १९६२ ला बागलीतून जनसंघाच्या दिव्यावर आमदार. तेव्हा या भागात काँग्रेसच्या बैलजोडीपुढे उभं राहायचं म्हणजे पायी, सायकलवर किंवा बैलगाडीतून फिरायचं. घाटाखाली तर सायकलही उपयोगाची नव्हती. जोशीजींचं राजकारण त्या फिरण्यातून उभं राहिलं. लोक त्यांना ‘राजनीति के संत’ म्हणायचे. एरवी अशा पदव्यांवर माझा फार विश्वास नाही, पण ही पदवी त्यांच्या विरोधकांच्या तोंडीही होती, आणि माळव्यात विरोधकांचं कौतुक फुकट मिळत नाही.

१९६७ ला ते पुन्हा आले. त्या वर्षी ग्वाल्हेरच्या राजमाता विजयाराजे शिंदे काँग्रेसमधून बाहेर पडल्या, द्वारकाप्रसाद मिश्र यांचं सरकार पडलं आणि गोविंदनारायण सिंह यांचं संविद, म्हणजे संयुक्त विधायक दलाचं, सरकार आलं. जनसंघाला सत्तेची पहिली चव तेव्हा मिळाली. १९७२ ची निवडणूक अवघड होती. बांगलादेशच्या युद्धानंतर इंदिरा गांधींच्या नावाची लाट होती आणि मध्य प्रदेशात काँग्रेस भरभरून निवडून आली. बागलीने त्या लाटेतही आपला माणूस ठेवला. जोशीजी विधानसभेत विरोधी पक्षनेते झाले. या निकालाकडे माझं विशेष लक्ष जातं. लाटेबरोबर जाणारे मतदारसंघ पुष्कळ असतात. लाट पायाशी येऊन फुटते अशी जागा क्वचित. तिथे पक्षापेक्षा माणसाची ओळख जड झाली असणार, याशिवाय मला दुसरं उत्तर सुचत नाही.

मग आणीबाणी. जोशीजी मिसाखाली १९ महिने बंदीत राहिले. १९७७ ला जनता पक्षाच्या नांगरधारी शेतकऱ्यावर बागलीने त्यांना चौथ्यांदा निवडून दिलं. राज्याच्या ३२० जागांपैकी २३० जनता पक्षाला मिळाल्या आणि जूनमध्ये बागलीचा आमदार मुख्यमंत्री झाला. १९६७ चे गोविंदनारायण सिंह काँग्रेसमधून आलेले होते. काँग्रेसमध्ये कधीच नसलेला मुख्यमंत्री मध्य प्रदेशाला मिळाला तो हा पहिला. ते पद सात महिनेही टिकलं नाही. जानेवारी १९७८ मध्ये प्रकृतीच्या कारणाने त्यांनी राजीनामा दिला आणि वीरेंद्रकुमार सखलेचा आले. या सात महिन्यांबद्दल भोपाळात तऱ्हेतऱ्हेचे किस्से सांगितले जातात. मी ते इथे सांगणार नाही; आजारी माणसाच्या आजाराची थट्टा करून राजकारणाचा इतिहास लिहिला जाऊ नये असं मला वाटतं. मला लक्षात ठेवावीशी वाटणारी गोष्ट वेगळी आहे. मुख्यमंत्रिपद गेल्यावर माणूस मतदारसंघ बदलून सुरक्षित जागी जातो, दिल्लीला जातो, किंवा घरी बसतो. जोशीजी पुढच्या निवडणुकीला पुन्हा बागलीत उभे राहिले.

१९८० ला तर परिस्थिती पार उलटली. जनता पक्ष फुटला होता, भारतीय जनता पक्ष एप्रिलमध्ये जन्मला आणि मे महिन्यात निवडणुकीला उभा राहिला. राज्यात काँग्रेसला २४६ जागा, भाजपला ६०. त्या साठांत बागली होती. १९८५ ला काँग्रेस २५०, भाजप ५८. त्या अठ्ठावन्नांतही बागली. १९९० ला भाजपची सत्ता आली, सुंदरलाल पटवा मुख्यमंत्री झाले, जोशीजी मंत्री. डिसेंबर १९९२ ला अयोध्येनंतर ते सरकार बरखास्त झालं. १९९३ ला काँग्रेस १७४ जागा घेऊन आली. बागली पुन्हा जोशींचीच.

आठ निवडणुका. १९६२, १९६७, १९७२, १९७७, १९८०, १९८५, १९९०, १९९३. तीनदा दिवा, एकदा नांगरधारी शेतकरी, चारदा कमळ. ज्या आजीने १९६२ ला दिव्यावर शिक्का मारला, तिच्या नातवाने १९९३ ला कमळावर मारला, आणि दोघांनी मत एकाच माणसाला दिलं. मधल्या काळात १९८९ ला लागू झालेल्या घटनादुरुस्तीने मतदानाचं वय २१ वरून १८ वर आलं होतं, म्हणून तो नातू अठरा-एकोणीस वर्षांचाही असू शकेल.

इथवरची गोष्ट गौरवाची आहे आणि ती सांगताना मलाही बरं वाटतं. पण ती घाटावरून सांगितलेली गोष्ट आहे. घाटाखालून बघितलं की काही प्रश्न पडतात. त्या ३६ वर्षांत आमदार बदलला नाही, आणि तो कायम पठारावरचाच होता. घाटाखालच्या फळियांमधून मतं वर येत होती, माणूस वर येत नव्हता. जोशीजींच्या सचोटीने हा प्रश्न सुटण्यासारखा नव्हता. तो प्रश्न जागेच्या रचनेतला होता.

हे नीट कळतं ते इंदूरपलीकडच्या धार जिल्ह्याकडे बघितल्यावर. धारला आज सात जागा आहेत: सरदारपूर, गंधवानी, कुक्षी, मनावर, धरमपुरी, धार आणि बदनावर. त्यांतल्या पहिल्या पाच अनुसूचित जमातींसाठी राखीव. त्या मुलखातून काय माणसं उभी राहिली! सरदारपूरच्या बाजूच्या जमुनादेवी १९५२ लाच मध्य भारताच्या विधानसभेत पोचल्या, १९६२ ला झाबुव्यातून लोकसभेत गेल्या, पुढे कुक्षीतून पुन्हा पुन्हा आमदार झाल्या, दिग्विजयसिंहांच्या काळात उपमुख्यमंत्री आणि २००३ पासून सप्टेंबर २०१० मध्ये निधन होईपर्यंत विरोधी पक्षनेत्या. सगळ्या पक्षांचे लोक त्यांना ‘बुआजी’ म्हणत. भर सभागृहात स्वतःच्याच सरकारला ठणकावणारी ही आत्या होती. मनावरचे शिवभानुसिंह सोलंकी तर १९८० ला मुख्यमंत्रिपदाच्या उंबरठ्यापर्यंत गेले. आमदारांचा जास्त पाठिंबा सोलंकींना होता आणि दिल्लीचा कौल अर्जुनसिंहांना मिळाला, असं तेव्हापासून सांगितलं जातं. सोलंकी उपमुख्यमंत्री झाले. धारच्या आदिवासी मुलखाला राज्याच्या पहिल्या रांगेत बसायची सवय अशी जुनी आहे. बागलीच्या घाटाखाली त्याच समाजांची माणसं राहत होती, पण त्यांची जागा सर्वसाधारण होती. बुआजींसारखं कुणी तिथे जन्मलं नसेल असं मी मानत नाही. त्याला दारच नव्हतं.

१९९८ ला बागलीची गाठ सुटली. काँग्रेसचे श्याम होलानी निवडून आले. त्याच वर्षी लोकसभेला जोशीजी राजगढमधून दिग्विजयसिंहांचे भाऊ लक्ष्मणसिंह यांच्यासमोर लढून हरले होते. पुढे ते राज्यसभेत गेले, मग २००४ आणि २००९ ला भोपाळचे खासदार झाले. बागलीशी त्यांचं नातं राहिलं, पण जागा आता दुसऱ्यांची होती.

होलानींच्या काळातली एक घटना या मतदारसंघाच्या वाटचालीतून वगळता येत नाही. घाटाखालच्या गावांत आदिवासी मोर्चा संघटन नावाची संघटना उभी राहिली होती. जंगलावरचा हक्क, वनखात्याची लाच, दारू, असे तिचे विषय होते. मार्च २००१ च्या अखेरीला अवैध लाकूड जप्त करण्याच्या नावाखाली वनखात्याचा आणि पोलिसांचा फौजफाटा बागली तहसिलीतल्या फळियांमध्ये शिरला. घरं पाडली गेली. २ एप्रिलला मेहंदीखेडा गावात पोलिसांनी गोळीबार केला आणि चार आदिवासी ठार झाले. ज्यांच्या घरांत सागाच्या तुळया सापडल्या, त्यांच्या आज्या-पणज्यांनी त्याच जंगलातल्या सागावर घरं बांधली होती. त्या लाकडाला ‘अवैध’ हा शब्द कधी चिकटला, हे त्या फळियांना कुणी विचारून ठरवलं नव्हतं. या प्रकरणाने देशभरातले कार्यकर्ते बागलीत आले, जनसुनावण्या झाल्या. मराठी वाचकाला नंदुरबार-धुळ्याच्या सातपुड्यातले जंगल जमिनीचे लढे ठाऊक आहेत. ही त्याच दुखण्याची नर्मदेपलीकडची गोष्ट.

दोन वर्षांनी, २००३ च्या निवडणुकीत बागली पुन्हा भाजपकडे गेली आणि कैलाश जोशींचे चिरंजीव दीपक जोशी आमदार झाले. जनसंघाच्या चिन्हालाही हिंदीत ‘दीपक’च म्हणत. मेहंदीखेड्याच्या गोळ्या आणि हा निकाल यांची बेरीज करण्याचा मोह होतो. पण ते प्रामाणिक होणार नाही. त्या वर्षी वीज, रस्ता, पाणी या तीन शब्दांवर सगळा मध्य प्रदेश उलटला होता. २३० पैकी १७३ जागा भाजपला आणि काँग्रेसला अवघ्या ३८. बागली त्या पुरात वाहिली की स्वतःच्या रागाने वळली, हे मतपेटीला सांगता येत नाही. ती पेटीही आता राहिली नव्हती. राज्यभर मतदानयंत्रं आली होती. शिक्क्याच्या ठप्पऐवजी बीप.

एप्रिल २००५ मध्ये घाटाखाली आणखी एक घाव बसला. नर्मदेवर धाराजी नावाचं तीर्थ होतं. खडकांतून नर्मदा तिथे धारांनी कोसळायची, आणि भूतडी अमावस्येला हजारो लोक स्नानाला यायचे. ७ एप्रिलच्या रात्री वरच्या इंदिरासागर धरणातून सोडलेलं पाणी यात्रेवर येऊन आदळलं आणि कित्येक यात्रेकरू झोपेतच वाहून गेले. काही वर्षांनी खालचं ओंकारेश्वर धरण भरलं आणि धाराजीच्या त्या धाराही पाण्याखाली गेल्या. जत्रेचा दिवस पंचांगात ठरलेला होता, धरणाच्या दारांवर माणसं होती, आणि दोघांच्या मध्ये एक निरोपही गेला नाही. अमावस्येला नर्मदेवर जाणाऱ्या घरांतले लोक आजही त्या रात्रीबद्दल हळू आवाजात बोलतात.

आणि मग आली २००८. न्यायमूर्ती कुलदीप सिंह यांच्या परिसीमन आयोगाने देशभरातल्या मतदारसंघांच्या हद्दी नव्याने आखल्या. १९७६ पासून त्या गोठलेल्या होत्या. म्हणजे १९७७ पासून २००३ पर्यंतच्या सगळ्या निवडणुका एकाच नकाशावर झाल्या. आता २००१ च्या जनगणनेवरून नवा नकाशा आला. कायद्यातला एक बारकावा इथे समजून घ्यायला हवा. अनुसूचित जातींच्या राखीव जागा राज्यभर विखुरल्या जाव्यात असं कायदा सांगतो, पण अनुसूचित जमातींच्या जागा शक्यतो जिथे त्यांचं लोकसंख्येतलं प्रमाण सर्वांत जास्त तिथेच द्याव्यात असं सांगतो. मध्य प्रदेशाच्या २३० जागांपैकी ४७ जागा जमातींसाठी ठरल्या, आणि त्या यादीत बागली आली. १७४ क्रमांकाचा मतदारसंघ, अनुसूचित जमाती राखीव. कुणी आंदोलन केलं नव्हतं, कुणी घोषणा दिल्या नव्हत्या. जनगणनेच्या कोष्टकातून घाटाखालचा समाज एकदम वर आला.

जोशींच्या घराण्याची जागा अशी एका आदेशात संपली. दीपक जोशी हाटपिपल्याला गेले, वडिलांच्या जन्मगावी, आणि २००८ व २०१३ ला तिथून निवडून आले, पुढे शालेय शिक्षणाचे राज्यमंत्रीही झाले. बागलीतून भाजपचे चंपालाल देवडा आले. २०१३ ला पुन्हा तेच. २०१८ ला भाजपने उमेदवार बदलला आणि पहाडसिंह कन्नौजे निवडून आले. त्या वर्षी राज्यात काँग्रेस ११४ आणि भाजप १०९ असा निकाल लागून सत्ता गेली होती, तरी बागली राहिली. २०२३ ला पुन्हा नवा माणूस, मुरली भंवरा, आणि पुन्हा कमळ.

१९६२ ते १९९३ मध्ये एक माणूस होता आणि तीन चिन्हं. २००८ पासून एक चिन्ह आहे आणि तीन माणसं. या जागेचा सगळा इतिहास मला या दोन वाक्यांत दिसतो. आधी मतदार माणसाला ओळखायचा आणि त्याच्या हातात जे चिन्ह असेल ते घ्यायचा. आता तो चिन्ह ओळखतो आणि त्याच्यामागे जो उभा केला असेल त्याला घेतो. घाटाखालच्या समाजाचा माणूस विधानसभेत बसला, ही फार मोठी गोष्ट झाली. पन्नास वर्षं उशिरा झाली, पण झाली. मात्र जोशीजींना मुळं धरायला जो वेळ मिळाला, तो या तिघांना मिळालेला नाही. एक माणूस दोनदा, दुसरा एकदा, मग तिसरा. नेता घडायला फिरणं लागतं, हरणं लागतं, हरल्यावर पुन्हा त्याच गावात उभं राहणं लागतं. जमुनादेवी पाच-सहा दशकांत घडल्या. पाच वर्षांत तिकीट कापलं जाणार असेल, तर आमदार फळियांकडे बघेल की तिकीट देणाऱ्यांकडे? हा प्रश्न मी कुणा एका पक्षाला विचारत नाही. राखीव जागांवर माणसं सहज बदलता येतात ही सवय सगळ्यांनाच लागलेली आहे.

त्याच २००८ च्या निवडणुकीत धारमध्ये जे घडलं ते इथे सांगितलं पाहिजे, कारण मताची किंमत त्याहून चांगली कशानेच कळत नाही. धारच्या सर्वसाधारण जागेवर भाजपच्या नीना वर्मा काँग्रेसचे बालमुकुंदसिंह गौतम यांच्यापेक्षा एका मताने निवडून आल्या. फक्त एका मताने. प्रकरण कोर्टात गेलं आणि वर्षानुवर्षं चाललं. त्याच हंगामात राजस्थानात नाथद्वाऱ्याला काँग्रेसचे सी. पी. जोशी एका मताने हरले होते. पेरणीच्या दिवशी मतदान आलं तर ‘माझ्या एकट्याच्या मताने काय होतंय’ म्हणणारा एक तरी शेतकरी प्रत्येक गावात असतो. धारमध्ये त्याला गप्प करायला आता दोन नावं आहेत.

हाटपिपल्याची गोष्ट मात्र मनाला लागते. २०१८ ला दीपक जोशी तिथे काँग्रेसच्या मनोज चौधरींकडून हरले. मार्च २०२० मध्ये ज्योतिरादित्य शिंद्यांबरोबर काँग्रेसचे जे आमदार बाहेर पडले, त्यांत चौधरी होते. ३ नोव्हेंबर २०२० ला राज्यात २८ जागांवर पोटनिवडणुका झाल्या, आणि चौधरी आता कमळावर उभे राहिले. समोर काँग्रेसचे राजवीरसिंह बघेल, माजी आमदार राजेंद्रसिंह बघेल यांचे चिरंजीव. चौधरी जिंकले, २०२३ लाही जिंकले. ज्याने आपल्याला हरवलं, त्याचाच प्रचार करायची वेळ दीपक जोशींच्या पक्षाच्या कार्यकर्त्यांवर आली. धार जिल्ह्यात बदनावरलाही हेच झालं. राजवर्धनसिंह दत्तीगांव तसेच पक्ष बदलून २०२० ला जिंकले, पण २०२३ ला भाजपमधून काँग्रेसमध्ये गेलेल्या भंवरसिंह शेखावतांकडून हरले. दोन्ही उमेदवारांनी आपापली चिन्हं अदलाबदल केली होती. त्या दिवशी मतदाराने बटण दाबताना काय विचार केला असेल?

कैलाश जोशी २४ नोव्हेंबर २०१९ ला गेले. मे २०२३ मध्ये दीपक जोशी काँग्रेसमध्ये गेले, तेव्हा भोपाळच्या काँग्रेस कार्यालयात ते वडिलांची तसबीर हातात घेऊन आले. जनसंघाच्या पहिल्या पिढीतल्या माणसाची तसबीर त्या दारातून आत गेली, हे दृश्य माळव्यात ज्यांनी पाहिलं त्यांना त्या दिवशी जेवण गोड लागलं नसणार, मग ते कुठल्याही पक्षाचे असोत. त्या वर्षी दीपक जोशी खातेगावातून काँग्रेसच्या हातावर उभे राहिले आणि भाजपच्या आशिष शर्मांकडून हरले. नोव्हेंबर २०२४ मध्ये ते भाजपमध्ये परतले.

आजची बागली लोकसभेसाठी खंडव्याला जोडलेली आहे. एकाच देवास जिल्ह्यातली खातेगाव विदिशाला, बागली खंडव्याला आणि उरलेल्या तीन जागा देवासला, अशा जिल्ह्याच्या तीन वाटण्या झाल्या आहेत. खंडव्याचे खासदार ज्ञानेश्वर पाटील बऱ्हाणपूरच्या बाजूचे. २०२१ च्या पोटनिवडणुकीत आणि २०२४ ला ते निवडून आले. बऱ्हाणपूर म्हणजे अनेक घरांत मराठी बोलली जाते असा तापीकाठ. तिथून बागलीला यायचं तर सातपुडा आणि नर्मदा ओलांडून विंध्याचा घाट चढावा लागतो. बागलीचा स्वतंत्र जिल्हा व्हावा ही मागणी जुनी आहे, आणि नकाशा समोर ठेवला की ती मागणी का होते ते कळतं. उदयनगरच्या माणसाला कलेक्टर कचेरी गाठायला आधी घाट चढायचा, मग अख्खं पठार ओलांडायचं.

नकाशा पुन्हा बदलणार आहे. नव्या जनगणनेनंतर हद्दी पुन्हा आखल्या जातील, आणि २०२३ च्या १०६ व्या घटनादुरुस्तीने विधानसभेच्या एक तृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखून ठेवल्या आहेत. राखीव जागांमध्येही तोच हिस्सा. घाटाखालची एखादी मुलगी, पिपरीच्या किंवा उदयनगरच्या शाळेत शिकणारी, उद्या बागलीची उमेदवार होऊ शकेल. कुक्षीला बुआजी होत्या, हे तिच्या बाईंनी तिला सांगितलं असलं तर बरं.

मतदानाच्या आदल्या दिवशी बागलीतून बसगाड्या सुटतात. प्रत्येक गाडीत चार-पाच कर्मचारी, बहुतेक मास्तर आणि पटवारी, मांडीवर यंत्राची पेटी, बरोबर एखादा शिपाई, डब्यात दोन वेळच्या पुऱ्या. काही गाड्या उत्तरेला सोयाबीनच्या कापलेल्या शेतांकडे जातात. काही पुंजापुऱ्याचा घाट उतरतात. संध्याकाळी खालच्या शाळेत सतरंजी पसरली जाते, गावचा कोटवार पाण्याचा माठ आणून ठेवतो. सकाळी सात वाजायच्या आधी फळियांवरून बायका रांगेने उतरायला लागलेल्या असतात, कडेवर मूल आणि पदराच्या गाठीत मतदार ओळखपत्र.